येते म्हणून गेलेली

कालिंबे मिशन दवाखाना, मलावी
१४ जानेवारी २०२४

प्रिय बाबा आणि आई,

सलाम.

तुमचा हट्ट म्हणून हेही पत्र कागदावरच लिहिते आहे. व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाकल्या की काम भागलं असतं, पण "फोनवरचं मंडळीला वाचून दाखवता येत नाही" असं तुमचं म्हणणं. इथून पत्र पोचायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे हे चर्चमध्ये वाचलं जाईल तोवर यातले निम्मे पेशंट बरे होऊन घरी गेलेले असतील.

दवाखाना म्हणजे पत्र्याच्या छपराच्या तीन लांब इमारती. माझ्या वॉर्डात खाटा चोवीस आणि बायका अडतीस. उरलेल्या चटईवर. मलेरिया इतका की आपण गडचिरोलीतच आहोत असं वाटतं. रक्ताच्या स्लाइडी मी बघत नाही, ते काम दुसऱ्याकडे आहे. दोन वर्षांच्या करारातले दोन महिने संपले. इथली चिचेवा बोली शिकते आहे. आगोगो म्हणजे आजी, एवढं कळलं की निम्मा वॉर्ड कळतो.

गेल्या आठवड्यात एक बाई आली. बाळंत होऊन बारा दिवस झालेले, अंगात एकशे चार ताप. इंजेक्शनं दिली, ओली फडकी ठेवली, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. जाताना तिने मला जिवंत कोंबडी दिली. ती आता माझ्या खोलीमागे राहते आणि माझ्यापेक्षा चांगली चिचेवा बोलते. जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा असतो. आईच्या हातचा ठेचा असता तर तोही गोड लागला असता.

आईच्या गुडघ्यांना तेल लावता का? की नुसतं विचारता?

तुमची,
रंजीता

*

दुर्गापूर, ऊर्जानगरजवळ, जि. चंद्रपूर
१८ फेब्रुवारी २०२४

चि. रंजीता हिस,

प्रभूच्या नावाने सलाम व आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले आणि आजच्या उपासनेत वाचून दाखवले. चर्चचा पंच म्हणून मंडळीची प्रार्थना मीच चालवतो, हे तुला माहीत आहे. हल्ली मी त्या वेळेला तुझे पत्र वाचतो. लोक म्हणतात, धनराजभाऊ, यापेक्षा मोठी प्रार्थना कोणती? त्या बाळंतिणीच्या डोक्यावर हात ठेवून तू रात्रंदिवस प्रार्थना केलीस आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला, हे ऐकताना बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. मंडळीतल्या आपल्या नानाजीने उठून मोठ्याने आमेन म्हटले. नानाजी आमेनला कधी उठत नाही, फक्त जेवणाला उठतो.

पाळकसाहेब म्हणाले, रंजीताला सांगा, अशा साक्षी अजून लिही. पुढच्या महिन्यात बल्लारपूरची मंडळी येणार आहे, त्यांनाही ऐकवू.

बाकी क्षेम. कॉलनीच्या रस्त्यावर पुन्हा वाघ दिसला. संध्याकाळचे फिरणे बंद. विजेच्या प्लँटमधून निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी पाळीचा भोंगा वाजला की मी अजून घड्याळ बघतो. तेल लावतो.

तुझा,
बाबा

*

कालिंबे
१७ मार्च २०२४

बाबा,

हे पत्र कुणालाही वाचून दाखवू नका. आईला दाखवा.

मी त्या बाळंतिणीच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता. ओलं फडकं ठेवलं होतं. प्रार्थना तर मुळीच केली नव्हती. तसं मी लिहिलंही नव्हतं. तुमच्या डोळ्यांना मोतीबिंदू झालाय म्हणावं, तर नानाजीकाका उठले ते तुम्हाला बरोबर दिसले.

आधी खूप चिडले. मग वाटलं, चूक माझीच. तुम्हाला खरं कधी सांगितलं नाही, म्हणून तुम्ही मोकळ्या जागा भरत बसलात.

तर आता सांगते. अंकुश गडचिरोलीत, एटापल्लीकडच्या दवाखान्यात लोकांचं रक्त तपासायचा. दुसऱ्यांचा मलेरिया शोधता शोधता त्यालाच झाला आणि मेंदूत गेला. मी नर्स. त्याच्या खाटेला माझीच ड्यूटी. तुम्ही, आई, सगळी मंडळी तीन दिवस उपास धरून प्रार्थना करत होतात. मीही करत होते, सलाइनची बाटली बदलता बदलता. चौथ्या दिवशी सकाळी माझा भाऊ गेला. त्याला अडीच वर्षं झाली. त्या सकाळपासून मी एकदाही प्रार्थना केलेली नाही. येत नाही असं नाही. करायचीच नाही, असं आहे.

मग मिशनवर कशाला आलीस, असं विचाराल. चंद्रपूरच्या वॉर्डात ती खाट रोज समोर दिसायची. पाळकसाहेबांनी मलावीचं विचारलं, मी हो म्हटलं. पळून आले. तुम्ही स्टेशनवर हार घातलात तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

इथे रोज सकाळी साडेसहाला वॉर्डात प्रार्थना असते. मी डोळे मिटून दिवसभराच्या इंजेक्शनांची उजळणी करते. काम मात्र नीट करते, त्यात खोट नाही.

तुम्ही चर्चचे पंच. तुमचा विश्वास डोंगरासारखा, अंकुशच्या वेळीही तुमचा आवाज हलला नाही. तुम्हाला हे वाचून काय वाटेल, याची मला भीती वाटते. पण खोटी साक्ष माझ्या नावावर नको.

रंजीता

*

दुर्गापूर
२१ एप्रिल २०२४

चि. रंजीता हिस,

पत्र मिळाले. वाचले.

ऊन पंचेचाळीसवर गेले आहे. कूलरची मोटर जळाली होती, बदलली. तुझ्या आईची तब्येत ठीक. तुझी काळजी घे. पत्र सवडीप्रमाणे लिहावे.

बाबा

(त्याच पाकिटात, वहीच्या अर्ध्या पानावर)

रंजीता बेटा, मी आई. शेजारची दिव्यानी लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. पाकीट पोस्टात टाकाचं काम माह्याकडं देल्लं तुया बापानं, म्हनून ही चिठ्ठी मधात घालता आली. त्यायले सांगू नको.

तुया बापानं तुयं पत्र मले वाचून दाखोलं. मले काही नवीन नाई वाटलं. तुले मी जन्म देल्ला, तुये ओठ हालते का मन हालते ते मले दिसते. पण तुया बापाचं सांगते. तुयं पत्र आलं तवापासून ते चर्चमध्ये गेलेच नाई. तीन रविवार झाले. पाळकसाहेबाले सांगतलं, ताप आहे. ताप कुठी आहे? एका रविवारी सकाळीच बसमध्ये बसून एटापल्लीले गेले, दुसऱ्या दिवशी वापस आले. काऊन गेले म्हटलं तं काहीच नाई बोलले. कूलरची मोटर जळलीच नाई, उगाच खोलून बसते. मानूस रागावला असता तं मले समजलं असतं. हा रागावला नाई. तू काहीतरी लिही बापा.

*

कालिंबे
२ जून २०२४

प्रिय बाबा,

तुमचं चार ओळींचं पत्र वाचून मला वाटलं, तुम्ही मला टाकलंत. मग कुठूनतरी कळलं (कुठून ते विचारू नका) की तुम्ही चर्चमध्ये जात नाही. त्याहून वाईट वाटलं. माझा विश्वास गेला तो गेला, तुमचा मी घालवला, असं झालं. हे ओझं घेऊन मला इथे दीड वर्ष काढता येणार नाही. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते. यात एकही मोकळी जागा ठेवत नाही, तुम्ही भरू नका.

वॉर्डात एक आगोगो आहे. सत्तरीची असेल. साखरेचा आजार, उजव्या पायाचं बोट सडलेलं. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी पाऊल घोट्याखालून काढू. ती घाबरली होती. मी तिची रोजची ड्रेसिंग करायची, त्यामुळे माझ्यावर तिचा जीव. सोमवारी मला लसीकरणाला दूरच्या गावांत जायचं होतं, नऊ दिवस. फोन लागत नाही अशा ठिकाणी. निघताना तिच्या खाटेजवळ थांबले आणि माझ्या नव्या नव्या चिचेवात म्हणाले, "न्दिकुब्वेरा."

म्हणजे "येते".

आता तुम्हीच सांगा, घरातून निघताना दुसरं काय म्हणतात? "जाते" म्हटलं की आई पायातली चप्पल काढायला लावून परत बसवायची. "जातो म्हनू नाई, येतो म्हनाव." तेवढंच तोंडात बसलेलं. पण इथे माणूस उठताना "येते" म्हणाला, तर त्याचा अर्थ एकच. हा आलाच, बसून राहा.

ती बसून राहिली. मंगळवारी ट्रॉली आणली तर म्हणाली, सिस्टर येते म्हणाली आहे, ती आल्यावर. इथल्या नर्सांनीही ऐकलं होतं. त्यांना वाटलं, दुपारपर्यंत येईल. बुधवारी परत तेच. तिची मुलगी आली, समजावलं, पाद्री आले. सगळ्यांना एकच उत्तर. कुणी प्रार्थना करतो म्हटलं तरी, थांबा, सिस्टर करेल. बळजबरीने कुणाचा पाय कापता येत नाही.

दहाव्या दिवशी मी आले. पाय नडगीपर्यंत काळा. डॉक्टर दारातच उभे होते. म्हणाले, तू तिला येते म्हणालीस? मी सांगितलं, आमच्याकडे जाताना तसंच म्हणतात. ते म्हणाले, जाणाऱ्याने येते म्हणायचं, हा कुठला देश? बाबा, माझ्या एका शब्दाने घोट्याखालचं मांडीपर्यंत गेलं. हे माझं आहे, ते मी कुणावर ढकलत नाही.

मी तिच्याजवळ गेले. माफी मागायची होती. ती हसली. वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "बघा, मी सांगत होते. आली." मग माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, आता प्रार्थना कर, मग कापू दे.

ट्रॉलीवाले थांबलेले. डॉक्टर थांबलेले. इंजेक्शनांची उजळणी करून भागणार नव्हतं. चिचेवात प्रार्थना येत नाही, इंग्रजीत ओठ उघडेनात. शेवटी आपल्या बोलीत तोंडातून जे आलं ते असं :

"अंकुशच्या येळी तीन दिवस तुले हाका मारल्या, तू नाई आला. मी तुयाशी बोलत नोहती, अजूनही बोलाचं नाई माह्या मनात. पण ही बाई माह्या एका शब्दावर नऊ दिवस बसली. मी चुकली, तिनं काही नाई केलं. तिले फसवू नको. आता इथी ये."

आमेन मी म्हटलंच नाही. ते तिनेच म्हटलं, एक अक्षर न कळता.

पाय मांडीतून काढला. ती वाचली. परवा कुबड्या मागत होती. पण ती वाचली म्हणून मी हे लिहीत नाही, हे नीट वाचा. ती त्याच दिवशी गेली असती तरी मी हेच लिहिलं असतं. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी बाहेर बाकावर बसले आणि रडले. अंकुश गेला तेव्हा रडले नव्हते, त्या दिवशी रडले. मनात एकच होतं. आम्ही तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी मी दार लावून घेतलं, कडी घातली. ही नऊ दिवस बसली, पाय काळा होत असताना बसली. ती बरोबर होती की चूक, मला ठरवता येत नाही. पण तिच्यासारखं बसायला मला जमलं नव्हतं, हे कळलं.

मी परत प्रार्थना करते आहे, बाबा. रोज. चांगली करत नाही. अर्धी भांडणाची असते. पण सकाळी साडेसहाला डोळे मिटते तेव्हा औषधं मनात येत नाहीत. आणि परवा इथे पहिल्यांदा स्वतः रक्ताची स्लाइड बघितली. अंकुशने शिकवली होती तशी.

हे पत्र वाचून दाखवायचं असेल तर दाखवा. पण सगळं. पायासकट.

तुमची,
रंजीता

*

दुर्गापूर
७ जुलै २०२४, रविवार

प्रिय रंजीता,

सलाम.

आधी एक गोष्ट साफ करतो. तू माझा विश्वास घालवला नाहीस. जे नव्हतेच ते कोण घालवणार?

त्या फेब्रुवारीच्या पत्रात प्रार्थनेचे वाक्य मी घातले. चष्म्याची चूक नाही, समजून घातले. अंकुश गेल्यावर मी चर्चमध्ये उभा राहायचो, तोंड उघडायचो, शब्द यायचे, पण ते तीस वर्षांच्या सवयीचे. भोंगा वाजला की पाय प्लँटकडे वळावे तसे. पुढे पुढे तेही येईनात. मंडळी डोळे मिटून बसलेली आणि मी पुढे उभा, कोरा. तेवढ्यात तुझे पहिले पत्र आले. मी ते वाचले आणि वेळ निभली. मग तेच धरून बसलो. फोन नको, कागदच पाहिजे, हा हट्ट त्यासाठी होता. मला वाटायचे, आपल्याकडचे संपले, पण पोरीकडे आहे, तिचे वाचून दाखवू. नसेल तिथे दोन शब्द आपण घालू.

आणि तू लिहिलेस, माझ्याकडेही नाही. मग रविवारी हातात काय घेऊन उभा राहणार होतो? म्हणून ताप आला.

एटापल्लीला गेलो ते अंकुशची जागा बघायला. अडीच वर्षांत गेलो नव्हतो. त्याच्या रक्त तपासायच्या दुर्बिणीवर आता नवा पोरगा आहे. जवळच्या पाड्यावरचा दसरू भेटला. त्याच्या दोन पोरांचा मलेरिया अंकुशने पकडला होता. मला बघून म्हणाला, "इतके दिवस काऊन नाई आले, भाऊ? आमी वाट पाहून राह्यलो होतो." घरी नेले. त्यांचा मोहाचा पंडुम म्हणजे सण नुकताच झाला होता. नवीन मोह खाण्याआधी ते घरातल्या मेलेल्या माणसांचा वाटा काढतात. दसरू म्हणाला, "तुमच्या अंकुशचाही काढतो. त्याले कोनी इथलं नाई म्हनते का?" आपल्यात हे चालत नाही, मी पंच आहे, मला माहीत आहे. तरी त्यांच्याबरोबर जेवलो. तुझ्या आईलाही सांगितले नव्हते, आता सांगितले. तिला सगळे आधीच माहीत होते, कसे ते देव जाणे.

तुझे पत्र सोमवारी आले. सहा दिवसांत किती वेळा वाचले ते सांगत नाही. आज चर्चला गेलो. पाळकसाहेब म्हणाले, ताप उतरला वाटते. म्हटले, हो, उतरला. आणि तुझे पत्र वाचले. सगळे. मांडीपर्यंत. एक शब्द घातला नाही, एक गाळला नाही. "तू नाई आला" इथपर्यंत आलो तेव्हा मागे कुजबुज झाली. नानाजी उभा राहून म्हणाला, "धनराजभाऊ, अशी प्रार्थना असते का?" मी म्हटले, "बस खाली, अजून संपलं नाई." तो बसला.

पत्र संपले. लोक वाट बघत होते की मी आमेन म्हणून जागेवर जाईन. मी पत्र खिशात घातले आणि डोळे मिटले. काय बोललो ते मला जसेच्या तसे आठवत नाही. एवढे आठवते की अंकुशचे नाव मोठ्याने घेतले. त्या दिवसानंतर चर्चमध्ये घेतले नव्हते. आणि म्हटले की माझा पोरगा दुसऱ्यांचे रक्त तपासायचा, त्याला का नेलेस, मला उत्तर पाहिजे, नाही तर मी इथून हलत नाही. आवाज चढला होता. नंतर तो फुटला. मंडळीसमोर रडलो. कोणी आमेन म्हटले की नाही, ठाऊक नाही. उत्तर आले नाही. पण पावणेतीन वर्षांत आज पहिल्यांदा मला असे वाटले नाही की मी भिंतीशी बोलतो आहे.

घरी आलो. गुडघ्यांमुळे आज घरीच राहिलेली तुझी आई पडवीत अंबाडीची भाजी निवडत बसली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं?"

मी म्हटले, "मी देवाशी भांडून आलो. साऱ्या मंडळीसमोर."

तिने परत भाजी निवडायला घेतली. म्हणाली, "बरं झालं बापा. बोलनं तं सुरू झालं."

तुझा,
बाबा